सर्पगंधेचं मूळ आणि काळजीचं मूळ



गगनबावड्यात व्याख्यान, तेही भर आषाढात, असं घरी सांगितल्यावर 'विषय काय?' असं कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, 'मांडुकलीला पाणी आहे का?' तुम्हाला हे नवीन नाही. कुंभीचं पाणी रस्त्यावर चढलं की कोल्हापूरची वाट बंद, आणि करूळ घाटात दरड आली की कोकणाची वाट बंद. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या गावाला काळजी म्हणजे काय हे आम्ही सांगावं, असं नाहीच. तरीही तुम्ही आम्हाला 'ताण, चिंता आणि शरीरातली रसायनं' हा विषय दिलात. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. प्रयोगशाळेत आमचं काम नव्हतं. म्हणून या विषयाचा इतिहास सांगायचं आम्ही कबूल केलं. त्या इतिहासात आपल्या सह्याद्रीत उगवणाऱ्या एका झुडपाचा मोठा भाग आहे, आणि आमच्या घरातली एक जुनी गोष्टही आहे.

सुरुवात आज सकाळपासूनच करू. मांडुकलीच्या अलीकडे आमची गाडी थांबली. पुढे रस्त्यावर पाणी होतं. फार नव्हतं, पण किती आहे ते कळत नव्हतं. ड्रायव्हर उतरून बघायला गेला. आम्ही आत बसलेलो. छाती धडधडायला लागली, तोंडाला कोरड पडली, तळहात ओले झाले, पोटात कालवाकालव झाली. पाच मिनिटांनी ड्रायव्हर हसत परत आला, गाडी निघाली, आणि पाणी मागे पडलं. धडधड थांबली, पण मन काही लगेच थांबलं नाही. आत्ता इथे चहा घेतानाही 'परत जाताना काय?' हे चालूच होतं. या एवढ्याशा प्रसंगात शरीराच्या दोन वेगवेगळ्या वाटा कामाला लागल्या होत्या. एक झटपट, दुसरी सावकाश.

झटपट वाट आधी सापडली. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते, तिला अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. 1901 साली जोकिची ताकामिने या अमेरिकेत राहणाऱ्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने तिच्यातल्या रसाचे शुद्ध स्फटिक मिळवल्याचं जाहीर केलं आणि त्याला ॲड्रिनलिन हे नाव दिलं. हा रस शिरेतून दिला की रक्तदाब चढतो, हे तोवर माहीत झालं होतं. पण शरीर तो स्वतःहून कधी सोडतं? हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी 1911 च्या सुमारास त्याचं उत्तर शोधलं. त्यांनी मांजरासमोर कुत्रा भुंकवला. भुंकण्याआधी आणि नंतर मांजराच्या अधिवृक्क ग्रंथीकडून येणारं रक्त घेतलं आणि ते आतड्याच्या स्नायूच्या पट्टीवर टाकलं. शांत मांजराच्या रक्तात ती पट्टी नेहमीसारखी आकुंचन-प्रसरण पावत राहिली. भ्यालेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडली. म्हणजे भीती रक्तात उतरली होती, आणि मांजराबाहेर, एका भांड्यात, तिचा परिणाम दिसत होता. 1915 साली कॅनन यांचं वेदना, भूक, भीती आणि क्रोध यांतल्या शारीरिक बदलांवरचं पुस्तक आलं. लढा किंवा पळा, यापैकी काहीही करायचं झालं तरी हृदयाला, स्नायूंना रक्त हवं, साखर हवी, आणि पचनाचं काम तेवढ्यापुरतं थांबलं तरी चालेल. मांडुकलीला आमच्या पोटात जे झालं त्याचा अर्थ हा. शरीर जेवणखाण बाजूला ठेवून पळायच्या तयारीला लागलं होतं. गाडीत बसलेल्या सत्तरीपार माणसाने कुठे पळायचं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी वाट उलगडायला जास्त काळ लागला. 1936 साली कॅनडात मॉन्ट्रियलला हान्स सेल्ये हे तरुण संशोधक उंदरांना निरनिराळी इंजेक्शनं देत होते. त्यांना एका नव्या हार्मोनचा शोध लागेल अशी आशा होती. पण त्यांच्या लक्षात आलं की इंजेक्शन कशाचंही द्या, उंदराला थंडीत ठेवा, दमेपर्यंत पळवा, आत सापडतं ते तेच. अधिवृक्क ग्रंथीची बाहेरची साल सुजलेली, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. दुसऱ्या कुणी हा प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता. सेल्ये यांनी उलटा विचार केला की संकटं वेगवेगळी असली तरी शरीराचं उत्तर एकच असेल, तर त्या उत्तराचाच अभ्यास करायला हवा. 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी एक छोटंसं टिपण छापलं. आज आपण उठता-बसता ज्याला 'स्ट्रेस' म्हणतो, त्याच्या वैद्यकाची सुरुवात त्या टिपणापासून मानतात.

ही सावकाश वाट अशी आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो एक रसायन सोडतो. ते रसायन अगदी जवळच लोंबणाऱ्या पियूषिका ग्रंथीला जाऊन सांगतं. पियूषिका दुसरं रसायन रक्तात सोडते. ते अधिवृक्काच्या सालीला जाऊन सांगतं, आणि ती साल कॉर्टिसॉल सोडते. मामलेदाराने सर्कलला, सर्कलने तलाठ्याला आणि तलाठ्याने कोतवालाला सांगावं, तसा हा कारभार. फरक एवढाच की इथे खालून वर उत्तरही जातं. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूला जाऊन 'आता पुरे' म्हणतं आणि वरचा हुकूम थांबतो. साखळीतलं मेंदूकडचं पहिलं रसायन असणार, असं 1950 च्या दशकापासून सगळे म्हणत होते. ते मेंढ्यांच्या मेंदूंतून वेगळं काढून त्याची रचना मांडली वायली व्हेल यांनी, 1981 साली. म्हणजे साखळीच्या पहिल्या कडीला नाव मिळायला पाव शतक लागलं.

कॉर्टिसॉल वाईट नाही, हे इथे सांगायला हवं. ते नसेल तर माणूस जगणार नाही. रोज पहाटे ते वाढतं म्हणून आपण अंथरुणातून उठतो. घोळ होतो तो 'आता पुरे' हा निरोप पोचेनासा होतो तेव्हा. नदीला पूर येणं हा नदीचा दोष नाही, पण महिनोन्महिने पाणी उतरलंच नाही तर शेत कुजतं. कर्जाचा हप्ता, मुलीचं लग्न, कोर्टातली तारीख ही संकटं कुत्र्यासारखी भुंकून निघून जात नाहीत. ती दारात बसून राहतात.

आता आपल्या झुडपाकडे येऊ. सर्पगंधा. सह्याद्रीच्या दमट रानात, सावलीला उगवतं. गुडघा-मांडीएवढी उंची, पानं तीन-तीनच्या झुपक्यात, फुलं पांढरी-गुलाबी, फळं पिकल्यावर जांभळट काळी, आणि मूळ लांबट, वेडंवाकडं, चवीला कडूजहर. साप-विंचवावरचं मूळ म्हणून ते पूर्वापार वापरात होतं. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने सापावरच्या मुळ्यांवर एक संवाद लिहिला. मुंगूस नागाशी झुंजण्याआधी ते मूळ खातं, ही हकीकत त्यात आहे. त्याने वर्णिलेल्या मुळ्यांपैकी एक सर्पगंधा असावी असं अभ्यासक मानतात. पण सापाबरोबर या मुळाची दुसरीही ख्याती होती. बिहारकडे ते 'पागल की दवा' म्हणूनच विकलं जाई. झोप न लागणारा, अंगावर धावून येणारा माणूस त्याने शांत होतो, असा लोकांचा अनुभव.

1931 साल या झुडपासाठी महत्त्वाचं. त्या वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी या मुळातली काही द्रव्यं वेगळी काढली आणि एकाला आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हटलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोन डॉक्टरांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर हे मूळ चालतं, असा लेख लिहिला. तो हिंदुस्थानाबाहेर फारसा कुणी वाचला नाही.

तो वाचायला लावला मुंबईने. केईएम रुग्णालयातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधेच्या गोळ्यांची पाहणी केली आणि 1949 साली ती 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापली. पद्धतशीर आकडे, पद्धतशीर निरीक्षण. आता जगाचं लक्ष गेलं. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी गोळ्या मागवून वापरल्या आणि नोंदवलं की दाब हळूहळू उतरतो, शिवाय रुग्ण निवांत होतात, पण गुंगीत जात नाहीत. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळातलं मुख्य द्रव्य काढलं. त्याचं नाव रेसरपीन. 1954 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका मोठ्या मनोरुग्णालयातून नेथन क्लाइन यांनी त्याचे परिणाम जाहीर केले. वर्षानुवर्षं कोंडून ठेवावे लागणारे रुग्ण शांतपणे बोलू-बसू लागले होते. 1957 साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला. केईएमच्या जिन्यावरून आज जाणाऱ्या-येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

औषध चालतं हे कळलं. का चालतं, हे शोधताना मेंदूच्या रसायनशास्त्राचं दार उघडलं. 1955 साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत प्लेचर आणि शोर यांनी दाखवलं की रेसरपीन दिलेल्या प्राण्याच्या मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं द्रव्य जवळजवळ नाहीसं होतं. पाठोपाठ नॉरॲड्रिनलिनचंही तेच होतं हे दिसलं. कसं होतं, ते आपल्या भाषेत सांगतो. मेंदूतली एक पेशी दुसरीशी बोलते ती ही द्रव्यं सोडून. पेशीच्या टोकाशी ती लहान लहान कणग्यांत भरून ठेवलेली असतात. रेसरपीन काय करतं? कणगीत धान्य भरायची वाट बुजवतं. धान्य अंगणात पडून राहतं, आणि तिथे एक विकर, म्हणजे एन्झाइम, टपलेलंच असतं. उंदराने दाणे फस्त करावेत तसं ते त्यांचा फडशा पाडतं. निरोप द्यायला पेशीकडे काही उरत नाही.

स्वीडनचे आरविद कार्लसन काही महिने ब्रोडी यांच्याकडे काम करून गेले होते. 1957 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सशांना रेसरपीन दिलं. ससे कान पाडून, हलायचं बंद होऊन बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामिन बनतं. कंपवाताच्या आजच्या उपचाराचा पाया या प्रयोगात आहे. 2000 साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. चिंतेवरच्या पुढच्या गोळ्या वेगळ्या घराण्यातल्या निघाल्या. लिब्रियम 1960 साली आलं, व्हॅलियम 1963 साली. ती मेंदूतल्या 'गाबा' नावाच्या, पेशींना आवरणाऱ्या द्रव्याचा जोर वाढवतात, हे नंतर कळलं. पण मन आणि रसायन यांची गाठ घालण्याची सवय जगाला लावली ती रेसरपीनने.

आणि इथेच एक चूक झाली. ती तर्काची चूक आहे, म्हणून आमच्या अधिकारात येते.

झालं असं. रक्तदाबासाठी रेसरपीन दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेणारे काही रुग्ण खोल उदासीत जात आहेत, असं 1954 साली एडवर्ड फ्राइस यांनी लिहिलं. त्यांच्या नोंदीत पाच रुग्ण होते. दुसऱ्या बाजूला इप्रोनियाझिड हे क्षयावरचं औषध. ते घेऊन न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातले क्षयरोगी उत्साहात आले होते, आणि ते त्या फडशा पाडणाऱ्या विकरालाच रोखतं असं आढळलं होतं. मग हिशेब सोपा वाटला. रेसरपीन सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन रिकामं करतं. रेसरपीनने माणूस उदास होतो. म्हणून उदासी म्हणजे या द्रव्यांची टंचाई. पुढे 1960 च्या दशकात हे अधिक सावध शब्दांत सिद्धान्त म्हणून मांडलं गेलं. मूळ लेखकांनी घातलेले 'कदाचित' आणि 'संभवतः' हे शब्द मात्र दवाखान्यापर्यंत आणि वर्तमानपत्रापर्यंत येता येता गळून गेले.

आम्ही पस्तीस वर्षं अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकवला. त्यात धूर आणि अग्नी यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असं अनुमान करता येतं, कारण धूर अग्नीवाचून नसतो. पण उलट करता येत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद फाळ आठवा. आग आहे, धूर नाही. मग धूर कधी होतो? आगीला ओलं सरपण मिळालं तर. या ओल्या सरपणाला आपले नैयायिक 'उपाधी' म्हणतात, म्हणजे जी लपलेली अट नसेल तर नुसत्या कारणाने ते कार्य होत नाही. तुम्हा गगनबावडेकरांना हे आम्ही काय शिकवावं? श्रावणात चूल पेटवलेल्या इथल्या कुठल्याही माउलीला उपाधी म्हणजे काय ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठाऊक आहे.

आता तीच कसोटी इथे लावू. द्रव्य रिकामं झालं की उदासी येतेच, ही व्याप्ती खरी आहे का? लाल फाळ सापडतो का? सापडतो. 1955 सालीच, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांवर एक चाचणी घेतली. काहींना रेसरपीन, काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. कुणाला काय मिळावं हे नशिबावर सोडलेलं. रेसरपीन घेणाऱ्यांना अधिक आराम पडला! म्हणजे जे द्रव्य उदासी आणतं असं जग म्हणू लागलं होतं, तेच चिंताग्रस्त माणसांना सावरत होतं. ही चाचणी लपवलेली नव्हती, 'लॅन्सेट'मध्ये छापलेली होती. पण सोप्या गोष्टीच्या वाटेत आलेली अवघड गोष्ट लोक वळसा घालून टाळतात. मॉड्स्लीचा तो लेख कित्येक वर्षं तसाच टाळला गेला.

पुढे आणखी एक प्रकारचे प्रयोग झाले. ज्या अन्नघटकापासून सेरोटोनिन बनतं तो काही तासांसाठी आहारातून कमी करायचा आणि मनाची अवस्था पाहायची. निरोगी माणसांत सहसा काही फरक पडला नाही. पण जे पूर्वी उदासीच्या आजारातून बरे झाले होते, त्यांच्यातल्या काहींना ती पुन्हा तात्पुरती जाणवली. बघा, ओलं सरपण. आग तीच, पण धूर सगळ्या चुलींत झाला नाही. सरपण कुणाचं ओलं आहे, का ओलं आहे, हे नुसतं आगीकडे बघून कळत नाही. 2022 साली लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आजवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेऊन लिहिलं की उदासी सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे येते याला सुसंगत पुरावा नाही. त्यावरून मोठा वाद झाला. पण त्यावरून 'गोळ्या चालतच नाहीत' असं म्हणणं हीसुद्धा तशीच उडी आहे. क्रोसिनने ताप उतरतो, म्हणून ताप क्रोसिनच्या टंचाईने आला असं ठरत नाही. आणि तसं ठरत नाही म्हणून क्रोसिन निरुपयोगीही होत नाही.

आता घरची गोष्ट. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. 1968 च्या आसपास त्यांना रक्तदाब निघाला आणि एका डॉक्टरांनी त्यांना सर्पगंधेच्या सत्त्वाची गोळी दिली. त्या काळी ती सर्रास देत. दाब उतरला. आणि काही महिन्यांनी आमचे अण्णा बोलेनासे झाले. शाळेतून यायचे, कोट खुंटीला लावायचे आणि पडवीत बसून राहायचे. पाऊस बघत. जेवायला हाक मारली तर उठायचे, नाही मारली तर नाही. आम्ही कोल्हापूरला कॉलेजात होतो, सुट्टीला आलो की बघायचो. नातेवाईक म्हणाले, 'मास्तर, मन खंबीर करा. एवढं काय झालंय?' आम्हीही, लिहिण्याची लाज वाटते पण सांगतो, तेच म्हणालो. 'अण्णा, तुम्ही मुलांना धीर द्यायचा, तर तुम्हीच असे?' त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ते पाहणं अजून जात नाही.

काही वर्षांनी, एम.ए. झाल्यावर, ग्रंथालयात आम्ही रेसरपीनबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. गोळी! गोळीने केलं सगळं! अण्णा तोवर गेले होते. पुढची पंधरा-वीस वर्षं आम्ही ही गोष्ट अशीच सांगत होतो की आमच्या वडिलांचं सेरोटोनिन संपलं होतं आणि आम्ही त्यांना खंबीर व्हायला सांगत होतो. वर्गातही सांगितली. विद्यार्थी गप्प व्हायचे. परिणामकारक गोष्ट होती.

एकदा आई ऐकत होती. ती म्हणाली, "गोळी असंल बाबा. पण त्याच साली आक्का पांढऱ्या कपाळानं घरी आली होती, ते इसरलास व्हय?"

विसरलो होतो. आमची थोरली बहीण त्या वर्षी विधवा होऊन, कडेवर लेकरू घेऊन परत आली होती. अण्णांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हे सगळं आम्हाला माहीत होतं, पण गोळीची गोष्ट इतकी स्वच्छ होती की तिच्यात आक्काला जागा नव्हती. तर्कशास्त्राचा मास्तर, आणि स्वतःच्या घरातली उपाधी आईने दाखवून द्यावी लागली. अण्णांचं नेमकं काय झालं होतं? गोळी, की आक्का, की दोन्ही एकमेकांत मिसळून? गोळी नसती तर ते दुःख त्यांनी पेललं असतं का? आक्का सुखात असती तर ती गोळी त्यांना पचली असती का? याचं उत्तर आता मिळणार नाही. पण दोन गोष्टी आम्हाला पक्क्या कळल्या आहेत, त्या सांगतो आणि संपवतो.

पहिली. 'मन खंबीर कर' हा सल्ला म्हणजे पूर आलेल्या नदीला 'उतर' म्हणण्यासारखा आहे. भीतीला रक्त आहे, ग्रंथी आहेत, मेंदूतल्या कणग्या आहेत. कॅननच्या मांजराला कुणी भित्रं म्हटलं नाही. ज्याची छाती रात्री-अपरात्री धडधडते, झोप उडते, अन्न जात नाही, तो नाटक करत नाही. त्याने डॉक्टरकडे जाण्यात मधुमेहासाठी डॉक्टरकडे जाण्याहून जास्त लाज नाही. घाटातून खाली-वर जाणं जमत नसेल तर 14416 हा सरकारचा 'टेली-मानस' नंबर आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. चालू असलेल्या गोळीने मन बदलतंय असं वाटलं तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ती आपल्या मनाने बंद करू नका. आणि रानातलं मूळ उकळून तर मुळीच पिऊ नका. एका मात्रेत ते दाब उतरवतं, दुसऱ्या मात्रेत माणसाला.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. 'तुझ्या मेंदूतलं केमिकल कमी झालंय' एवढं सांगून कुणाची काळजी समजली, असं मानू नका. कॉर्टिसॉल वाढलंय हे रक्ताच्या तपासणीत दिसेल. ते सोसायटीच्या थकलेल्या कर्जाने वाढलंय, की खचलेल्या बांधाने, की परत आलेल्या लेकीने, हे कुठल्याही नळीत दिसणार नाही. ते विचारावं लागतं. शेजारी बसून, घाई न करता. आम्ही अण्णांना सल्ला दिला, प्रश्न विचारला नाही. 'अण्णा, काय होतंय?' एवढे तीन शब्द होते.

जाता जाता झुडपाबद्दल. हे गाव पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715 च्या 'आज्ञापत्रा'त झाडांविषयी जी ताकीद आहे तिचा आशय असा की रयतेने लेकरासारखी वाढवलेली झाडं तिच्या मर्जीविरुद्ध तोडू नयेत, कारण एक झाड उभं राहायला फार काळ जातो. सर्पगंधेचं औषध मुळात असतं. मूळ काढलं की झुडूप गेलं. जगभर मागणी वाढली तेव्हा ते रानोमाळ उपटलं गेलं, आणि आज त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. ज्या मुळाने जगाला मेंदूची रसायनं वाचायला शिकवली, ते आपल्याच रानात दुर्मीळ व्हावं! कुणाच्या परड्यात लावता आलं तर लावा, पिण्यासाठी नव्हे, ओळख राहावी म्हणून.

पाऊस वाढलेला दिसतोय. मांडुकलीची काय खबर आहे ते आता कुणीतरी फोन करून विचारा, म्हणजे आमचं कॉर्टिसॉल जरा खाली येईल.